झोळीची पावलं

परळीच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद वाचला आणि रुद्रप्पाकडे पाहिलं. "साखर काठावर आहे. महिनाभर रोज आठ हजार पावलं चाला. उतरली तर ठीक, नाहीतर गोळी सुरू करू."

गोळीचं नाव काढताच रुद्रप्पाला वडील आठवले. त्यांची सुरुवात एकाच गोळीनं झाली होती आणि शेवटी शेवटी गावाला निघताना कपड्यांच्या आधी औषधांची पिशवी भरावी लागे. सिरसाळ्यात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान, दुकानामागच्या दोन खोल्यांत संसार. दुकानातून घरात आणि घरातून दुकानात, एवढाच काय तो त्याचा प्रवास.

मेहुण्यानं पुण्याहून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. डाव्या मनगटाला देवाचा गंडा होता, म्हणून रुद्रप्पानं ते उजव्याला बांधलं. पहिल्याच दिवशी दुपारी चारपर्यंत आकडा नऊ हजारांवर गेला आणि घड्याळानं थरथरून त्याचं अभिनंदन केलं. आपण दिवसभर गादीवर बसून असतो, ही लोकांनी पिकवलेली कंडी होती तर.

"म्या कवा येवढा चाललो, माझं मलाच कळंना," तो बायकोला, प्रणिताला, म्हणाला.

"मला बी दिसलं न्हाई," प्रणिता म्हणाली आणि पोराला काखेत मारून उतू जाणारं दूध उतरवायला पळाली.

पोराचं नाव बसवेश्वर. वय दहा महिने. जमिनीशी त्याचं वैर होतं. तो आईच्या कडेवर तरी राही, नाहीतर मधल्या दारात बांधलेल्या साडीच्या झोळीत. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की झोळीची दोरी रुद्रप्पाच्या हातात येई. गादीवर बसून, लोडाला टेकून, उजव्या हातानं तो तास-दोन तास दोरी ओढत राही. थांबला की बसव भोकाड पसरी.

आठ हजार दुपारीच होतात म्हटल्यावर संध्याकाळी परळी रोडनं फिरायला जायचा बेत बारगळला. उलट इतकं चालणाऱ्या माणसाला एखादी जिलबी बाधत नाही, असं त्यानं स्वतःच ठरवलं. एक दिवस मोठ्या मनानं त्यानं घड्याळ प्रणिताला बांधायला दिलं. रात्री आकडा निघाला एक हजार सहाशे चाळीस.

"येवढंच? जरा चालत जा गं," रुद्रप्पा म्हणाला. "घरात बसून आंग धरतंय मानसाचं."

प्रणिता पहाटे पाचला उठली होती. तिनं घड्याळ सोडून त्याच्या हातात दिलं आणि रडणाऱ्या बसवला कडेवर घेऊन ती आत गेली. शहाण्या माणसानं तेवढ्यानंच धसका घेतला असता.

पुढच्या आठवड्यात ती बसवला घेऊन भावजयीच्या डोहाळजेवणाला माजलगावला गेली. त्या दिवशी रुद्रप्पाची पावलं भरली सातशे बारा. दुसऱ्या दिवशी सहाशे नव्वद. तपासणी चार दिवसांवर आलेली. तो तडक बंकटच्या मोबाईल दुकानात गेला.

"बंकट, घड्याळ बिघडलं बे. परवापर्यंत दहा हजार दाखवीत होतं."

बंकटनं घड्याळ उलटंपालटं केलं. "परवापासून येगळं काय झालंय?"

"काय न्हाई. प्रणिता म्हायेरी गेली. दुपारी बसवला झोळीत हलवायचं तेवढं बंद हाय."

बंकटनं त्याला स्टुलावर बसवलं, घड्याळ मनगटाला बांधलं आणि हवेतली दोरी ओढायला लावली. वीस हिसके झाले. घड्याळात वीस पावलं वाढली.

"ह्याला हात हालला की पाय हालला वाटतंय," बंकट म्हणाला. "मर्दा, महिनाभर झोळी चालली. तू कुटं चाललास?"

रुद्रप्पाला स्टुलावरच जिलब्या एकेक करून आठवल्या. त्यानं तिथूनच फोन लावला. "उद्या येतीस का?"

"कावून? चार दिस राह्यचं ठरलतं की."

झोळीनं फसवलं, आता तूच काहीतरी सुचव, हे खरं कारण तोंडातून निघेना. "करमंना," तो म्हणाला.

लग्नानंतर हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. प्रणिता सकाळच्या पहिल्या एसटीनं हजर झाली. स्टँडवरच त्यानं सगळं कबूल केलं, तेव्हा ती इतकी हसली की कंडक्टरही वळून बघायला लागला.

तिच्याच सांगण्यावरून त्या संध्याकाळी रुद्रप्पा बसवला कडेवर घेऊन महादेवाच्या देवळापर्यंत चालत गेला आणि चालत आला. खांदा भरून आला, कंबर धरली, सदरा लाळेनं भिजला. घरी येऊन त्यानं घड्याळ पाहिलं. तेवढ्या फेरीत वाढले होते एकशे त्रेचाळीस.

उजवा हात तासभर पोराखाली अडकलेला होता. हलला नाही, म्हणून मोजला गेला नाही. रुद्रप्पाला ते एक हजार सहाशे चाळीस आठवले आणि लाजेनं त्याची मान खाली गेली. त्याचा एक तास देवळापर्यंत जाऊन येण्याचा होता. तिचं पोर कडेवर घेणं पहाटे पाचला सुरू होत होतं.

तपासणीत साखर काठावरून पुढं सरकलेली निघाली. त्यानं डॉक्टरांपुढं झोळी कबूल केली. डॉक्टरांनी हसू दाबून शेवटचा एक महिना दिला. मग रोज संध्याकाळी बसव, रुद्रप्पा आणि परळी रोड. तेवढ्या फेरीचे घड्याळ शे-दीडशे दाखवी, रुद्रप्पा त्याच्याकडे बघत नसे.

महिन्यानं परळीला निघताना त्यानं घड्याळ प्रणिताच्या पायात, पैंजणाच्या वर, पट्ट्याच्या शेवटच्या भोकात अडकवलं. बंकटनंच सांगितलं होतं, हात गुंतलेला असेल तर पायाला बांध.

संध्याकाळी तो परतला तो नवा कागद नाचवत. "उतरली. गोळी न्हाई." मग खाली वाकून त्यानं आकडा पाहिला आणि वाकलेलाच राहिला. पंधरा हजार तीनशे.

"प्रणिता, तुजे लई उपकार हायेत," तो म्हणाला. "ह्या कागदाचे बी, अन् रोजचे बी."

"बरं बरं. मोजून झालं का? मग ह्याला घ्या. मला घटकाभर टेकू द्या."

ती बाजेवर भिंतीला पाठ लावून बसली, पाय लांब केले, डोळे मिटले. रुद्रप्पा बसवला घेऊन अंगणात येरझारा घालत राहिला. बऱ्याच वेळानं पैंजणाशी घड्याळ थरथरलं. त्यानं वाकून वाचलं. 'बराच वेळ बसून आहात. उठा, चाला.'

"काय म्हनतंय?" प्रणितानं डोळे न उघडताच विचारलं.

रुद्रप्पानं एका हातानं हळूच पट्टा सोडला आणि घड्याळ स्वतःच्या खिशात टाकलं.

"म्हनतंय, आजून बस," तो म्हणाला आणि पोराला घेऊन चहा ठेवायला गेला.