गावविहिरीतील प्रवाळ, नग एक

ग्रामपंचायतीच्या विहिरीत माझी वरची कवळी पडली. ती काढून मिळावी, एवढीच माझी मागणी होती.

यात्रेला तेरा दिवस उरले होते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मटण असतं. अकोल्याला दिलेली माझी मुलगी विजयमाला वर्षातून तेवढी एकदा येते आणि काळ्या मसाल्यात ते स्वतःच्या हातानं करते. नवी कवळी करायची म्हणजे नगरला चार खेपा आणि दीड महिना. तेव्हा गोष्ट सरळ होती. जुनी कवळी वर आली तर मटण, नाही तर नुसता रस्सा.

विहिरीत पडलेली वस्तू काढणं आमच्या तिसगावच्या बाजूला कुणी अवघड समजत नाही. आमच्या गावात त्यासाठी कानिफनाथ आहे. मोटर, बादली, बायकांची जोडवी, एकदा सरपंचांचा मोबाईल, असं सगळं त्यानं काढलेलं आहे. दम धरतो, बुडी मारतो, वस्तू घेऊन वर येतो. वर आला की एक नारळ आणि एक कप चहा घेतो. साखर जास्त.

पण ती विहीर आता विहीर राहिली नव्हती. तो बंगालच्या उपसागराचा वरचा भाग झाला होता.

हे कसं झालं ते सांगतो. आमच्या भावकीत हनुमंत नावाचा पुतण्या आहे. जमीन मोजणीच्या खात्यात त्यानं अकरा वर्षं नोकरी केली. दोन बांधांमधला हातभर फरक तो लांबून ओळखायचा. मागच्या दिवाळीत तो आठ दिवस मालवणला गेला, तिथं एकदा पाण्याखाली गेला, आणि वर आला तेव्हा त्यानं नोकरी सोडलेली होती. आता उरलेलं आयुष्य समुद्र वाचवण्यात घालवायचं, असं त्यानं घरी येऊन जाहीर केलं.

त्याची आई लंकाबाई तेव्हा ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, "समुद्र वाचवायचाय तर समुद्रावर जा की. हितं काय हाय?"

"तिथं आधीच फार लोक वाचवायला बसलेत, आई. जागा नाही."

हनुमंतानं मग नकाशा काढला. आपल्या गावचा ओढा नदीला मिळतो, नदी गोदावरीला मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपलं गाव हे त्या उपसागराचं पाणलोट क्षेत्र. समुद्र वाचवायचा तर उगमापासून वाचवला पाहिजे. पाणलोट हा शब्द आमच्याकडे फार जपून ऐकतात, कारण त्याच्या मागून नेहमी काहीतरी मंजूर होतं. लोकांनी माना डोलावल्या.

हे वेड एकट्यापुरतं राहिलं नाही. आधी शाळेतल्या गोरक्षनाथ गुरुजींना आतून हाक आली. मग साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या श्रीमंतला आली. दोघेही मालवणला जाऊन आठ-आठ दिवसांत आले आणि दोघांनीही कपाळावर पाण्याखालचा चष्मा चढवून चहाच्या टपरीवर बसायला सुरुवात केली. होळीपर्यंत गावात सागर संवर्धक नऊ झाले आणि त्यांची समिती झाली. पाणी मात्र आठवड्यातून दोनदा टँकरनंच येत होतं.

समितीला कामासाठी पाणी हवं होतं. गावात बुडी मारता येईल असं पाणी एकाच ठिकाणी होतं. उन्हाळ्यात टँकर येतो तो ग्रामपंचायतीच्या विहिरीत रिकामा होतो, आणि बायका पोहऱ्यानं ते पाणी शेंदून नेतात. ग्रामसभा बोलावली. चहा आणि बुंदी होती. गुरुजींनी ठराव वाचला. सदर विहीर हे सागरी संरक्षित क्षेत्र समजण्यात यावे. तिच्या तळाशी जे काही आहे, असेल किंवा पुढे होईल, ती सागरी संपत्ती समजण्यात यावी. आणि प्रमाणपत्रधारकाखेरीज कोणीही पाण्यात उतरू नये.

पहिली सही माझी होती. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ओळीच्या बाहेर न जाता केली. अक्षर म्हातारपणी शिकलेल्या माणसाला सही करायला मिळाली की त्याचं लक्ष आपल्या अक्षरावर असतं. वर काय लिहिलंय तिकडं नसतं.

दुसऱ्या दिवशी कठड्यावर पाटी लागली. भरती, मंगळवार व शुक्रवार, टँकर आल्यावर. ओहोटी, बायका पाणी भरून गेल्यावर. विहिरीतल्या कासवाच्या पाठीवर लाल रंगानं क्रमांक एक घातला. ते कासव माझ्या वडिलांनी पाणी स्वच्छ राहावं म्हणून सोडलेलं आहे, असं मी सांगितलं. त्यावर 'मूळ स्थान अज्ञात' अशी नोंद झाली.

मग पहिल्या बुडीचा कार्यक्रम झाला. वैशाखाचं ऊन. हनुमंताला रबरी कपड्यात घालायला चार माणसं आणि पाव लिटर शेंगदाण्याचं तेल लागलं. पाठीवर सिलिंडर, पायात बदकासारखे पंजे. मोटर ओढायच्या दोरानं त्याला खाली सोडला. गुरुजींनी माईकवर सांगितलं, संशोधक आता अथांग पाण्यात शिरत आहेत. पाणी दोन पुरुष होतं. पाच मिनिटं बुडबुडे आले. सगळा गाव कठड्यावर ओणवा झाला. हनुमंत वर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक बेडूक बसलेला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

मी हसलो. माझी चूक एवढीच. कवळी निसटली, एकदा कठड्याच्या दगडावर वाजली आणि आत गेली.

घरी आलो तर पुष्पावतीनं माझं तोंड पाहिलं. पन्नास वर्षांचा संसार आहे, तिला सांगावं लागत नाही.

"कुनाला हसत हुता?"

"हनुमंताला."

"दात घालवून हसायसारखं काय हुतं?"

मी बेडकाचं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. तिचे सगळे दात जागेवर आहेत.

मी कानिफनाथाकडे गेलो. तो लिंबाखाली दोर वळत बसला होता.

"आबा, दाढी भिजायच्या आत काढून देतो. पन त्या ठरावाचं काय करायचं? पैली सही तर तुमचीच हाय म्हनं."

"मग तू प्रमाणपत्र घे."

तो बिचारा समितीकडे गेला. तुम्ही पाण्याखाली श्वास कशानं घेता, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "घेतच न्हाई. वर आल्यावर घेतो." समितीनं लिहिलं, अर्जदारास पाण्याखालील श्वसनाचे मूलभूत ज्ञान नाही. समुद्र पाहिला आहे का, असंही विचारलं. पाहिला नव्हता. अर्ज फेटाळला.

आता माझा अर्ज. 'माझी वरची कवळी, दात चौदा, हिरडी गुलाबी, आपल्या ताब्यातील समुद्रात पडली असून ती यात्रेपूर्वी मिळावी.' अर्ज दाखल झाला, पोच मिळाली. यात्रेला नऊ दिवस होते.

समितीनं तळाची पाहणी लावली. पुन्हा तेल, पुन्हा दोर. या वेळी गुरुजीही उतरले. दोघं वर आले. हनुमंताचे डोळे भरून आले होते. त्यानं पाण्याखालचा फोटो दाखवला. हिरवट पाणी, गाळ, आणि गाळात अर्ध्या चंद्राच्या आकाराचं गुलाबी-पांढरं काहीतरी. शेजारी क्रमांक एकचं कासव.

"प्रवाळ," हनुमंत म्हणाला. "पाथर्डी तालुक्यातलं पहिलं."

"अरे, ती माझी कवळी हाय."

"आबा, तुमची भावना मी समजू शकतो."

ज्या माणसाला मी अंगाखांद्यावर खेळवलं, त्यानं मला हे सांगितलं. मग तो कठड्यावर बसला आणि त्यानं शिकलेलं सगळं समजावलं. प्रवाळ गुलाबी असतं. पांढरं असतं. टणक असतं. त्याच्या आश्रयाला कासवं येतात. ते जागेवरून हलवणं हा गुन्हा आहे. मी म्हटलं, यातलं शेवटचं सोडून सगळं माझ्या कवळीला लागू आहे. तो म्हणाला, आता शेवटचंही लागू आहे.

मी हट्ट सोडला नाही, म्हणून रीतसर सुनावणी लागली. चावडीत सतरंजी टाकली. गुरुजी मध्ये बसले. मी नगरच्या दातांच्या डॉक्टरची पावती आणली होती. हनुमंतानं आपला मोजणी अहवाल आणला होता. अकरा वर्षांची सवय, त्यानं तळाचा नकाशा काढून चतुःसीमा लिहिल्या होत्या. पूर्वेस गाळ, पश्चिमेस फुटकी बादली, उत्तरेस कासव, दक्षिणेस खडक.

"पावतीप्रमाणे तुमचे दात किती?" गुरुजींनी विचारलं.

"चौदा."

"आणि प्रत्यक्ष मोजणीत?"

"पंधरा," हनुमंत म्हणाला.

मी फोटो मागून घेतला आणि डोळ्याजवळ धरला.

"गुरुजी, हा कडेचा दात न्हाई. ही गोगलगाय हाय. हिला शिंगं हायत."

गुरुजींनी फोटो माझ्या हातून अलगद काढून घेतला. तीस वर्षं पोरांना उत्तर चुकल्यावर जसं बघत होते तसं माझ्याकडे बघितलं.

"चार दिवसांत चौदाचे पंधरा झाले, आबासाहेब. तुमच्या वयात दात वाढतात का?"

"न्हाई."

"प्रवाळ वाढतं."

हे ऐकून मागं बसलेल्या लोकांनीही माना डोलावल्या. मला क्षणभर स्वतःचंच पटेना.

मी शेवटचा उपाय मांडला. म्हटलं, एकदा वर काढा, मी तोंडात घालून दाखवतो. बसली तर माझी, नाही बसली तर समुद्राची. यावर समितीनं आत जाऊन विचार केला आणि बाहेर येऊन निर्णय दिला की जिवंत प्रवाळ तोंडात घालण्याची तयारी दाखवल्याबद्दल अर्जदारास ताकीद देण्यात येत आहे.

यात्रेला तीन दिवस होते. बायकांना आता कठड्यावरून पोहरा टाकायला बंदी झाली, कारण त्यानं प्रवाळाला धक्का लागतो. टँकर मात्र येत राहिला. प्रवाळाला पाणी लागतंच. बायका मैलभर लांबच्या हातपंपावर जाऊ लागल्या, आणि जाताना माझ्या घराकडे बघून जाऊ लागल्या.

"तुमच्या दातांपायी कंबर मोडली आमची," लंकाबाई ओट्यावर हंडा टेकून म्हणाली.

"वहिनी, मग तुमी तरी सांगा हनुमंताला, ते दात हायेत म्हनून."

"सांगितलं न्हवं. तर मला म्हनतो, आई, तू शेवटची कधी समुद्रात उतरली व्हतीस?"

ठराव गेला खड्ड्यात, असं ठरवून मी पुन्हा कानिफनाथाकडे गेलो. भरदुपारी, उघडपणे. तो लिंबाखाली नव्हता. विहिरीवर होता. अंगात निळा टी-शर्ट, पाठीवर 'सागर रक्षक' असं छापलेलं, गळ्यात शिट्टी.

"कानिफ, हे काय रं?"

"लावून घेतलं मला, आबा. मीबी सोडला धंदा. तीस वर्सं झाली बुड्या मारून, आता सावलीला खुर्ची दिलीया."

"बरं झालं. कुनी न्हाई आता. मार बुडी."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. क्षणभर वाटलं, हा मारणार. मग त्यानं टी-शर्ट खाली ओढून नीट केला.

"मला पान्यात उतरायची परवानगी न्हाई. मी कर्मचारी हाय."

तालुक्यात खरी बुडी मारणारा एकच माणूस होता. समुद्र वाचवण्याच्या कामात तोही कामी आला.

यात्रा आली. विजयमाला आली, मसाला भाजला गेला, वास वेशीपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी विहिरीवर प्रवाळाचं लोकार्पण होतं. नगरहून पाहुणे आले होते. ठरावावर पहिली सही करणारा दूरदृष्टीचा ज्येष्ठ नागरिक म्हणून माझा सत्कार झाला. शाल दिली, आणि नारळ दिला. बिनदाताच्या माणसाच्या हातात नारळ देऊन सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन शब्द बोला म्हणाले. मी माईक धरला आणि सांगितलं, "ते माझे दात आहेत."

यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. आतापर्यंतचं सर्वांत छोटं भाषण होतं, आणि तिकडं मटणाच्या पातेल्यांची झाकणं निघाली होती.

पंगतीत विजयमालेनं माझ्या ताटात रस्सा वाढला आणि भाकरी कुस्करून दिली. शेजारी बसलेल्या हनुमंतानं नळी फोडून चोखली.

"आबा, एक काळजीची बाब आहे," तो तोंड पुसत म्हणाला. "प्रवाळाचा रंग उतरतोय. हवामान बदलाचा परिणाम."

"दात आसंच पिवळं पडत्यात. मी रोज घासायचो."

त्यानं खिशातून वही काढून काहीतरी लिहून घेतलं. आता आठवड्यातून एकदा सिलिंडर लावून दोन संवर्धक खाली जातात आणि मऊ ब्रशनं प्रवाळ घासतात. माझी कवळी माझ्या तोंडात असताना कधी इतकी स्वच्छ नव्हती.

पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मागे घेण्याची विनंती केली. गुरुजी म्हणाले, आता ते गावाच्या हातात राहिलेलं नाही. फोटो राज्यभर गेला आहे, सत्तर हजार लोकांचा पाठिंबा आहे. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. फोटोखाली अंगठेच अंगठे होते.

तो तुमच्याकडेही आला असेल. हिरवट पाणी, गुलाबी-पांढरा अर्धा चंद्र, शेजारी कासव, खाली 'दुष्काळी तालुक्यात निसर्गाचा चमत्कार'. गोगलगाईची शिंगं त्यात स्पष्ट दिसतात. तुम्ही शिकलेली माणसं आहात. आम्ही साठ वर्षं सगळ्या कागदांवर अंगठा दिला, कारण आम्हाला वाचता येत नव्हतं.

तुम्ही कशामुळं दिलात?