राजा मेल्याचा ठराव

सन २००२ च्या जून महिन्यात प्रा. सुदर्शन औटी हे अतिरिक्त ठरण्याच्या मार्गावर होते. आळेफाटा आणि मंचर यांच्या दरम्यान, हायवेला लागून असलेल्या एका कला महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवत. इंग्रजीचे विद्यार्थी वर्षागणिक आटत चालले होते, आणि नियमाप्रमाणे विद्यार्थी आटले की प्राध्यापकही आटवावा लागतो. सरांनी तर नुकताच घराचा स्लॅब टाकला होता.

प्राचार्यांनी तोडगा काढला. "औटी, पहिल्या वर्षाला एक ऐच्छिक विषय सुरू करू. प्राचीन ग्रीक आणि रोमन साहित्य. पेपर आपणच काढायचा, आपणच तपासायचा. तुमचा वर्कलोड भरतोय."

"सर, पण मला ग्रीक येत नाही."

"तालुक्यात कुणाला येतं? तुम्ही चुकलात तर धरणार कोण?"

हा मुद्दा बिनतोड होता. प्रस्तावात कारण असे लिहिले की, जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दान दिल्याचे शिलालेख आहेत. ती मंडळी एवढ्या लांबून आपल्याकडे येऊन गेली, तेव्हा त्यांच्या साहित्याची विचारपूस करणे हे या परिसराचे कर्तव्य ठरते. प्रस्ताव मंजूर झाला. भूगोल भरला, राज्यशास्त्र भरले म्हणून खिडकीवरून परत फिरणारी सगळी पोरे क्लार्कने ग्रीसमध्ये ढकलली.

सरांचे या विषयातले ज्ञान म्हणजे एम.ए.ला ऑप्शनला टाकलेले एक प्रकरण. पण वर्गात कुणी काही विचारत नसल्याने ते पुरत होते, इतकेच नव्हे तर उरतही होते. उरलेल्या ज्ञानाचे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत गाईड लिहिले. मंचरचा एक पुस्तकविक्रेता छापायला तयारच होता. मुखपृष्ठावर 'अनुभवी प्राध्यापक' असे छापायचे ठरले. विषय सुरू होऊन चार महिने झाले होते, पण सरांना नोकरीचा अनुभव होताच.

गाईडमध्ये शेवटी एक ग्रीक शोकांतिका होती. तिचा सारांश सर एका जुन्या संदर्भग्रंथावरून उतरवत होते. नगरावर संकट येते. राजा त्याचे मूळ शोधायला निघतो आणि शेवटी त्याला कळते की मूळ तो स्वतःच आहे. इथे सरांनी पान उलटले, तर पुढची पाने वाळवीने खाल्लेली. भारनियमनाची वेळ झाली होती, लाइट कुठल्याही क्षणी जाणार होती. शोकांतिका म्हटल्यावर राजा मरणार, एवढे तर्कशास्त्र सरांपाशी होते. त्यांनी राजाला विष दिले, कंसात 'अत्यंत महत्त्वाचे' असे लिहिले आणि ते जेवायला गेले.

गाईड चांगले खपले. आसपासच्या दोन महाविद्यालयांनी तर त्याच्या भरवशावर हा विषयच सुरू करायचे ठरवले.

घोटाळा केला वृषाली आहेर हिने. ही मुलगी आणे पठारावरून एसटीने यायची. परतीची गाडी संध्याकाळी, त्यामुळे दुपारभर ग्रंथालयात बसून राहायची. तिथल्या कुलूपबंद कपाटात कुणीतरी देणगी दिलेला त्या नाटकाचा मराठी अनुवाद होता. तिने तो मागितला. असा प्रसंग पूर्वी आला नसल्याने ग्रंथपालांना किल्ली शोधायला दुपार लागली. मुलीने पुस्तक घेतले आणि, कसलीही पूर्वसूचना न देता, अखेरपर्यंत वाचले.

वार्षिक परीक्षेत सगळ्या वर्गाने राजाला विष पाजून मारले. एकट्या वृषालीने लिहिले की राजा मरत नाही. सगळे कळल्यानंतरही त्याला जगावे लागते, हीच त्याची शिक्षा. निम्मा पेपर याच प्रश्नावर होता. सरांनी 'चूक' असा शेरा मारला, खाली लाल रेघ ओढली आणि मुलगी नापास झाली.

निकालानंतर तिचे वडील, भिमाजी आहेर, तिला घेऊन स्टाफरूममध्ये आले. टोपी नीट करत उभेच राहिले.

"बसा ना," सर म्हणाले.

"बसत न्हाई सर, गाडी हाये. पोरगी म्हणती राजा मेला नाय. तुमी म्हणता मेला. खरं काय त्ये सांगा, म्हंजी आमी जातो. तिचं चुकलं आसंल तर उद्यापासून घरी बसवतो. लई आडगी हाये ही."

"त्याचं असं आहे आहेर, साहित्याकडे बघण्याच्या अनेक दृष्टी असतात..."

"दृष्टी ऱ्हाऊ द्या राव. मेला का जित्ता हाये?"

वृषालीने पिशवीतून पुस्तक काढले आणि सरांच्या टेबलावर ठेवले. "सर, शेवटची दहा पानं वाचा. तुमचं आधी वाचलेलं असेल, पण परत वाचा." ती हे मनापासून म्हणाली. सरांना त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

"मी बघतो," सर म्हणाले. नोकरीच्या इतक्या वर्षांत या वाक्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

रविवारी दुपारी ओसरीवर बसून त्यांनी पुस्तक उघडले. दहा पाने वाचायची होती, ती वाचली. मग काहीतरी चुकल्यासारखे वाटून पहिल्या पानापासून सुरुवात केली. चहा आला, निवला, साय धरून गेला. सर्वांसमोर उभा राहून, चूक माझीच आहे, मला नगराबाहेर काढा, असे म्हणणारा तो राजा त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. वर्षभर आपण याला शिकवला, छापला, विकला आणि मारला, आणि ओळख आज होते आहे! सरांनी पुस्तक मिटले आणि पुन्हा उघडले. बायकोने विचारले, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही, अभ्यास." ती घाबरलीच.

सोमवारी ते प्राचार्यांकडे गेले. "सर, राजा जिवंत आहे."

प्राचार्यांनी आधी दार लावले. "औटी, तो जगला तर पास झालेला अख्खा वर्ग नापास होतो. निकाल पडतो. विषय बंद. मग तुम्ही अतिरिक्त. शिवाय गाईड तुमचं. तेव्हा कुणाला जगवायचंय ते ठरवा."

तरीही मुलीने फेरतपासणीचा अर्ज दिलेला असल्याने प्रकरण परीक्षा समितीपुढे ठेवावे लागले. अध्यक्षस्थानी संस्थेचे सचिव सावळारामशेठ होते. मंचरच्या बाजारात त्यांची कांद्या-बटाट्याची अडत होती, त्यामुळे निर्णय झटपट करायची सवय होती.

"मेला म्हणणारी किती?"

"एक सोडून सगळी."

"मंग मेला की! लोकशाही हाये. आन ही लोकशाही कुणी काढली, सर?"

"ग्रीकांनी," सर म्हणाले.

"मंग त्येंच्याच कायद्यानं झालं."

एका सदस्याने, राजाला गंभीर आजारी दाखवून दोन्ही उत्तरांना निम्मे गुण द्यावेत, अशी तडजोड सुचवली. पण आजारी राजाची सोय गाईडमध्ये नव्हती. सदर अनुवाद मान्य ग्रंथयादीत नसल्याने तो पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असे निदर्शनास आले. ग्रंथ निर्लेखित करण्यात यावा, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकावा, असेही ठरले. अखेरीस सावळारामशेठ वळले. "औटीसर, तुमी ह्या विषयातले जाणकार. तुमचं मत सांगा, लिवून घिऊ."

सरांनी तोंड उघडले. चूक माझीच आहे, एवढेच म्हणायचे होते. राजाला ते जमले होते. पण राजाने स्लॅब टाकलेला नव्हता.

"मेला," सर म्हणाले.

ठराव सर्वानुमते मंजूर. मुलीबाबत सहानुभूतीने विचार करून तिला फेरपरीक्षेची संधी देण्यात आली.

फेरपरीक्षेला वर्गात वृषाली आणि पर्यवेक्षक म्हणून औटीसर, असे दोघेच होते. पेपर हातात घेऊन ती म्हणाली, "सर, वाचलंत?"

"वाचलं."

"मग काय लिहू?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिले. हायवेवरून बटाट्याचे ट्रक चालले होते. "पास हो," ते म्हणाले.

तिने मान खाली घातली आणि लिहिले. राजा विष प्राशन करून मरतो. अक्षर सुंदर होते. तिला भरघोस गुण मिळाले, आणि स्नेहसंमेलनात सावळारामशेठच्या हस्ते बक्षीस म्हणून त्याच गाईडची नवी आवृत्ती मिळाली. भिमाजींनी समोर बसून टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी मुलीने भूगोल घेतला. नद्या निदान गाईडमध्ये आणि जमिनीवर एकाच दिशेने वाहतात, असे ती मैत्रिणीला म्हणाल्याचे सरांच्या कानावर आले. सर त्यावर हसले, आणि मग बराच वेळ स्टाफरूममध्ये उगाच बसून राहिले.

विषय मात्र जोरात चालला. त्या गाईडवर पास झालेली पोरे आज तलाठी आहेत, शिक्षक आहेत, एक जण तर प्राध्यापक आहे. राजा मेला हे त्या सर्वांना पाठ आहे.

आता वाचकांपुरते. या सबंध हकिगतीत तो राजा कोण, ते नाटक कोणते, ते लिहिले कुणी, यातले एकही नाव आलेले नाही. तरी आपण इथपर्यंत आलात आणि आपले कुठेही अडले नाही. अभिनंदन. आपण उत्तीर्ण आहात.