काठ न बांधलेली टोपी

आमच्या शेजारचे नरसय्या माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, डोक्याकडे पाहतात. पाहून झाले की दोन्ही तळव्यांनी हवेत एक गोल धरतात आणि तो सांडू न देता घरात नेतात.

माग बंद पडल्यावर त्यांनी अंगणात एक झाड लावले. ते ताडासारखे दिसते, परंतु ताड नव्हे. त्याची पाने पंजासारखी असतात. न उमललेले कोवळे पान चिरून, उकळून, वाळवले की त्याच्या पात्यांच्या टोप्या विणता येतात. सोलापूरचे ऊन त्याला सोसत नाही, म्हणून दुपारी नरसय्या त्याच्यावर ओली चादर पांघरतात. चादरीखालून हिरवी बोटे बाहेर डोकावतात. नवा पोस्टमन एकदा ती पाहून पत्र न देताच परतला होता.

टोपी मध्यापासून विणतात. काठ शेवटी बांधतात. गल्लीला भीती होती ती या काठाची. पहिली टोपी नरसय्यांनी बायकोसाठी विणली. काठ बांधून झाला आणि ती गेली. दुसरी इस्माईलभाई रिक्षावाल्यांची, तेही गेले. तिसरी समोरच्या शिंप्याची. तो धडधाकट होता, पण दुकान आवरून कायमचा हैदराबादला निघून गेला. तिन्ही टोप्या भिंतीवर आहेत. पाती तडकू नयेत म्हणून संध्याकाळी नरसय्या त्यांच्यावर पाणी शिंपडतात आणि एकेकीला माणसाच्या नावाने हाक मारतात. हाक मारलेली टोपी किंचित हलते. पंखा बंद आहे, खिडकी लावलेली आहे, याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे.

मध्यंतरी चौथ्या खुंटीवर एक अर्धवट टोपी दिसली. घालून पाहिली, तर माझ्या डोक्याला चपखल बसली. पुण्याला मुलीकडे कायमचे जायचे मी ठरवले होते, पण गल्लीत ते कोणालाही सांगितले नव्हते.

काठ केव्हा बांधणार, असे मी शक्य तितक्या सहजपणे विचारले.

नरसय्यांनी प्रथमच माझ्या तोंडाकडे पाहिले.

“न्हाई बांधणार की, मास्तर. काठ बांधला की माणूस जातंय.”

“मग विणलीत कशाला?”

“ऊन लागतंय तुमाला.” ते चहाचा कप पुसत राहिले. “तुमी बी गेलासा तर च्या कुणासंगं पिऊ?”

हल्ली संध्याकाळी मी ती टोपी घालूनच त्यांच्याकडे जातो. सुटी पाती डोळ्यांवर लोंबतात, समोरचे नीट दिसत नाही, पोरे हसतात. मुलीला मी कळवले आहे की येथील एक काम अपुरे आहे, आणि ते पुरे होण्याचा तूर्त संभव दिसत नाही.