टोमॅटोवरचा कर आणि मोघे काका

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखनाच्या चुका होतील, आणि अक्षर पाहून तर लेक विचारते, आई, कागदावरून कोंबडी फिरून गेली का? कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण मोघे काकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काका दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचतात. लिफ्टमध्ये 'सहा माणसं' लिहिलं असेल तर सातव्याला खाली उतरवतात, मग तो सातवा बाबागाडीतला का असेना. दुधाच्या खोक्यावर 'इथून उघडा' लिहिलेलं असताना ते दुसरीकडून उघडलं, तर त्या दुधाचा चहा पीत नाहीत. वर एकच बोलणं, "लिहिलंय ना? मग पाळा."

इकडे डच लोकांच्या देशात बुइटनव्हेल्डर्ट म्हणून वस्ती आहे, तिथं आम्ही एकाच जिन्यावर राहतो. मी लेकीकडे असते आणि सकाळी काकांकडे पोळ्या करते. काका आधी इथल्याच आर्नहेम गावी वीज कंपनीत होते. काकू गेल्यावर मुलाकडे आले. मुलगा-सून दिवसभर कामावर. काका डच फाडफाड बोलतात, पण ऐकायला घरात फक्त फ्रीज.

शनिवारी आम्ही बाजारात जातो. मी पिशवी धरते, काका बोलतात. टोमॅटो हेंक नावाच्या डच भाजीवाल्याकडून घ्यायचे. त्याचं स्वतःचं काचघर आहे, थंडीत गॅस जाळून आत ऊब ठेवावी लागते. मध्ये, गॅसच्या धुरानं हवा बिघडते म्हणून, त्यावर कार्बन कर बसला, तेव्हा हेंकनं पाटी लावली : कार्बन करामुळे किलोमागे तीस सेंट जादा. काकांनी ती मोठ्यानं वाचली आणि मुकाट पैसे दिले. लिहिलं होतं ना.

पुढे सरकारनं तो कर उठवला. पाटी तशीच. काका दर शनिवारी ती वाचायचे, दर वेळी जरा आणखी मोठ्यानं. शेवटी वैतागून हेंकनं पाटी काढली. भाव मात्र होता तिथंच.

मग जुंपली. काका भांडता भांडता मला मराठीत सगळं सांगत होते. हेंकचं म्हणणं, कर आला तेव्हा बरेच दिवस मी पदरचे पैसे भरले. मजुरी वाढली, खोकी महागली. कर गेला म्हणून भाव उतरवलाच पाहिजे असा कायदा दाखव.

"कायदा नाहीये, त्याचं बरोबर आहे," काका मला म्हणाले आणि त्याच्याकडे वळले. "तू नुसता भाव वाढवला असतास तर मी बोललो नसतो. भाव तुझा. पण पाटी लावून सरकारचे म्हणून पैसे घेतलेस. सरकार आता ते घेत नाही. मग ते तुझे कसे झाले?"

हेंक उगाच वजनकाटा पुसत राहिला. मागची बाई टोमॅटो विसरून ऐकायला लागली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. भांडण लांबायला लागलं तसा हेंक थर्मासमधली कॉफी काढू लागला, एक कप त्याला, एक काकांना. कॉफी पिताना दोघं भांडत नसत, गुडघ्यांबद्दल बोलत. कप खाली ठेवला की पुन्हा कार्बन.

एका शनिवारी हेंक म्हणाला, बरं बाबा, कर उठल्यापासून किती किलो नेलेस? बाजारात पावती कुठली! काका डोळे मिटून सांगायला लागले. सार केलं तेव्हा एक किलो. मुलाचे मित्र पावभाजीला आले तेव्हा तीन. एकादशीच्या आठवड्यात घेतले नव्हते, ते काकांनी प्रामाणिकपणे वगळले. पावभाजी म्हणजे काय हे समजावण्यात अर्धी सकाळ गेली. सगळे मिळून सहा युरो निघाले. हेंकनं मान डोलावली, भावही उतरवला आणि गल्ल्यात हात घातला.

काका म्हणाले, एकदम नको, दर शनिवारी अर्धा अर्धा युरो दे.

मी सहसा तोंड उघडत नाही, पण ट्रामच्या थांब्यावर विचारलंच. "काका, सहा युरोंना कसले हप्ते? देत होता की तो."

काका थांब्यावरची पाटी वाचत होते. पूर्ण वाचून झाल्यावर हळूच म्हणाले, "सगळे घेतले असते तर पुढच्या शनिवारी त्याच्याशी काय बोलायचं?"

गेल्या शनिवारी शेवटचा हप्ता होता. काकांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले होते. आज राहू दे, घाई नाही, म्हणाले. हेंकनं नाणं पुढं धरलं, काका मागं सरकले. पैसे घ्यायला लावायचे म्हणजे उलटाच तमाशा.

हेंकनं नाणं बाजूला ठेवलं, टेबलाखालून ती जुनी कार्बनची पाटी काढली, उलटी करून टांगली. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं काहीतरी लिहिलं होतं.

काकांनी ती वाचली, पण आवाज न करता. मी विचारलं, काय लिहिलंय?

"दर शनिवारी कॉफी," काका म्हणाले. "दोन कप."

"लिहिलंय ना?" मी म्हटलं. "मग पाळा."

काकांनी चष्मा पुसला. मग हात पुढे केला, आणि हेंकनं शेवटचा अर्धा युरो त्यावर ठेवला.