माका डावीकडचा की उजवीकडचा?

झाडं ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती नुसती हसली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं!

गेल्या आठवड्यात ती दोन दिवस बाहेरगावी निघाली. बाल्कनीत तिचे दोन ट्रे होते, एकात एकदांडी, दुसऱ्यात माका. दोन्ही रस्त्याकडेला उगवणारी, डेझीच्या कुळातली. कीड कोणाची पानं जास्त खाते, याची ती महिनाभर तुलना करत होती. सोमवारी चर्चासत्रात तेच मांडायचं होतं.

"डावीकडे एकदांडी, उजवीकडे माका. फक्त पाणी घाल. ओळखता येतील ना?"

"हे तू मला विचारतेस?"

दुपारी रंगारी आला म्हणून ट्रे आत घेतले. संध्याकाळी परत ठेवायला गेलो आणि घाम फुटला. कुठला कुठे होता? फुलं अजून आली नव्हती आणि पानं बघावीत तर सख्खी भावंडं!

सासरे आमच्याकडे मुक्कामाला होते. ते म्हणाले, "सोप्पं आहे, जावईबापू! माक्याचं पान चुरडलं की बोटं काळी पडतात."

दोन्हींचं एकेक पान चुरडलं. काहीच नाही.

"कोवळं असेल. जून घ्या."

जून घेतलं. तरी नाही! मग दोघंही मांडी ठोकून बसलो. गप्पा रंगल्या, हात चालू राहिले. तो रंग चढायला जरा वेळ लागतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. चढला तेव्हा आमची सगळी बोटं काळीठिक्कर, आणि कुठलं बोट कुठल्या ट्रेत गेलं होतं कोण जाणे!

"आता शिस्तीत करू," सासरे म्हणाले. दोन पांढरे रुमाल आणले. उरलीसुरली पानं तोडून एकेका ट्रेची एकेका रुमालात चोळली आणि वाट बघत बसलो. उजवा रुमाल काळा पडला!

"उजवा माका!" आम्ही टाळी दिली. मग ट्रेकडे पाहिलं. दोन्हींत नुसते दांडे उभे होते.

बायको आली. ट्रेपाशी बसली. तिचा उतरलेला चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासऱ्यांनी हळूच विचारलं, "कीड फार पडली का गं?"

"हो बाबा. दोन जातींची. एक सासरची, एक माहेरची." तिनं शांतपणे पेन उघडलं. "सोमवारी कसली तरी तुलना मांडायलाच हवी. बोला, जास्त पानं कोणी खाल्ली?"

आम्ही दोघांनीही तत्परतेनं एकमेकांकडे बोट दाखवलं.