जनरलचे कागद

"पंधरा दिवसांत मी पनामात, लेकीकडे! आणि जनरल माझ्या मांडीवर!" एलिबेर्तोने मोम्पोस गावातल्या आपल्या साऱ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. जनरल म्हणजे त्याच्या अंगणातलं कासव. बायको, ओतिलिया, जाऊन सात महिने झाले होते. जाताना तिने एकच मागितलं होतं, "जनरलला एकटं टाकू नका." कासवाला कसले आलेत कागद? गोणपाटात घालायचं आणि निघायचं!

पण जनावर देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, असं कळलं आणि त्याला वन्यजीव कार्यालय गाठावं लागलं. तिथल्या रुपेर्तो साहेबाने गोणपाटात डोकावून पाहिलं.

"काका, याच्या उगमाचा दाखला?"

"उगम? अंड्यातून!"

"कायदेशीर उगम! कायदा यायच्या आधीपासून तुमच्याकडे आहे, हे सिद्ध करा. नाहीतर परवाना नाही. उलट जनावर आम्हालाच ठेवून घ्यावं लागेल."

"ठेवून घ्यावं लागेल? अहो, माझ्या लग्नात सासऱ्याने दिलंय हे! तुम्ही तेव्हा पाळण्यातही नव्हता!"

"फोटो आहे?"

होता. लग्नाच्या फोटोत ओतिलियाच्या पायाशी जनरल, पाठीवर लाल नेलपॉलिशने लिहिलेलं 'ओ. पी.', तिच्या नाव-आडनावाची आद्याक्षरं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात इथे घरोघरी कासवाचा रस्सा शिजतो, आणि शेजाऱ्याच्या पातेल्याला आपलं-परकं कळत नाही. म्हणून बायका आपापल्या कासवावर नाव घालतात. ओतिलिया दरवर्षी तीच अक्षरं नव्याने गिरवायची. मागच्या वर्षीही गिरवली होती.

साहेब खूश झाला. "नाव जुळतंय! आता फक्त डॉक्टरीणबाईंची तपासणी."

येसेनिया डॉक्टरीण जनरलला आत घेऊन गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली ती हसतच. जनरल नव्या बुटासारखा चकचकत होता.

"काय घाण साचली होती, काका! स्पिरिटने घासघासून काढली!"

एलिबेर्तोने पाठ पाहिली. मग पुन्हा पाहिली.

"नाव कुठाय?"

"कसलं नाव? तो लाल डाग?"

"डाग?" एलिबेर्तो असा ओरडला की पंख्यावरची पाल खाली पडली. "बाई, तो डाग नव्हता! ती माझी बायको होती!"

रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली. साहेबाने मात्र फोटो डोळ्यांजवळ धरला. "अडचण आहे, काका. फोटोतल्या कासवावर नाव आहे. यावर नाही."

"तुमच्याच बाईने पुसलं ना!"

"ते फायलीत कुठे आहे?"

एलिबेर्तो तरातरा घरी गेला, ओतिलियाच्या खणातली बाटली घेऊन आला आणि साहेबाच्या टेबलावरच जनरलला ठेवून त्याने 'ओ. पी.' लिहिलं. अक्षरं तिरकी गेली. साहेबाने भिंग लावलं.

"अक्षर जुळत नाही."

"मग तिलाच बोलावतो सही करायला! स्मशानात जाऊन या, तिथे विचारा!" एलिबेर्तोने टेबलावर मूठ आपटली. शिक्का उडाला, शाई साहेबाच्या शर्टावर. रांग ओरडू लागली, "द्या की त्याला परवाना! म्हाताऱ्याचा जीव घेता का?"

तेवढ्यात येसेनियाने फोटो ओढून घेतला. तिचे डोळे लाल झाले होते. "साहेब, इथे बघा. पाठीच्या कडेला खाच आहे. याच्याही आहे, तिथेच."

"लग्नाच्या सकाळी सासऱ्याचं कुत्रं चावलं होतं," एलिबेर्तो म्हणाला. त्याने त्या खाचेवरून बोट फिरवलं.

शिक्का शोधला गेला, मारला गेला. रांगेने टाळ्या वाजवल्या. एलिबेर्तोने विजयी नजरेने साऱ्यांकडे पाहिलं.

"आता तुमचा पासपोर्ट द्या. परवान्यावर नंबर घालायचाय."

साहेबाने पानं उलटली. थांबला. खाकरला.

"काका, हा संपून सहा वर्षं झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे कासव जाऊ शकतं. तुम्ही नाही."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, मिळाले का सगळे कागद?"

एलिबेर्तोने अंगणात पाहिलं. जनरल आपली वाकडीतिकडी 'ओ. पी.' मिरवत पपईची साल चावत होता.

"मिळाले," तो म्हणाला. "जनरलचे."