अकिकाचे तेवीस पट्टे आणि रायाजीचा अंगठा

॥ श्री ॥ ज्याने काळ्या कातळाचे पोटी रंग भरून ठेविले आणि वरून त्यास म्हशीचे कातडे पांघरविले, त्या कर्त्यास दंडवत घालून लिहिणार लिहितो ऐसे जे, शके सोळाशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, श्रावणमासी, एका राज्यात (नाव पुसू नये, पुसिल्यास आम्ही विसरलो) मोठा प्रसंग गुदरला, तो येणेप्रमाणे.

गडाखाली विहीर खणिता कातळातून नारळाएवढा गोटा निघाला. बेलदारांनी पहार घातली तो मधोमध दुभंगला आणि आत अकीक. तांबडा, पांढरा, मधाच्या रंगाचा, राखी, ऐसे पट्टे एकात एक, आणि अगदी मध्ये बोर मावेल एवढी पोकळी, तिला स्फटिकाचे बारीक दात. मग तो हुजूर आणिला आणि महाराज पाहून बहुत संतोष पावले, आणि राजजोशी विसंभट यांस 'याचा अर्थ काय' म्हणून पुसिले. विसंभट विद्वान खरे, परंतु 'ठाऊक नाही' हे दोन शब्द त्यांस कोणी शिकविले नव्हते. त्यांनी दर्भाच्या काडीने पट्टे मोजिले, तेवीस भरले, आणि सांगितले की, 'भूमातेने महाराजांच्या राज्याची वर्षे लिहून धाडिली आहेत. तेवीस वर्षे राज्य.' त्या समयी राज्याचे नववे वर्ष चालू होते. चौदा शिल्लक म्हणोन गावात साखर वाटिली, आणि गोट्याची एक फाक रायाजी हकाकाचे हवाली केली की, चकती कापून महाराजांचे गळ्यातले पदक करणे.

हा रायाजी तीन पिढ्यांचा पाषाण कापणारा. हात सोन्याचा, परंतु भय वाटले की तोंडातून शब्द फुटत नसे. त्याने फाक पाहिली आणि मनात आणिले की, ऐसा दगडाचा चेहरा जन्मातून एकदा दिसतो, यावर करवत का फिरवावी? म्हणोन फाक उलटी करून पाठीकडून चकती काढिली, साणेवर घासून आरशासारखी केली, सोन्यात मढविली आणि मोठ्या हौसेने हुजूर धाडिली. मग विसंभटांनी पट्टे मोजिले तो नऊ. पुन्हा मोजिले तो नऊच. आणि वर्षही नववेच.

मग काय पुसता! दरबारच्या तोंडचे पाणी पळाले. महाराजांनी विडा वर्ज्य केला, नदीवरचा अर्धा बांधिलेला पूल 'आता त्यावरून चालणार कोण' म्हणोन थांबविला, आणि आवडता अबलख घोडा मेहुण्यास आठवण म्हणोन दिधला. मेहुणा गहिवरला खरा, परंतु घोडा तत्काळ घेऊन गेला. आणि विसंभटांनी निर्णय सांगितला की, 'रायाजीने करवत फिरवून महाराजांची चौदा वर्षे कापिली, सबब त्याचा उजवा अंगठा कापावा.' शुक्रवार नेमिला. अंगठा गेला की साणेवर दगड धरवत नाही, आणि दगड धरवत नाही तो हकाक कसला? रायाजी चौकीत अंगठा मुठीत दडवून बसला आणि 'सरकार, दगड तोच आहे' इतुकेच पुटपुटत राहिला, ते कोणी ऐकिले नाही. आम्हांस तर त्याची दया आली, परंतु बखर लिहिणारास दरबारी विचारितो कोण!

शुक्रवारी दरबार भरला, सुरा आणिला, आणि इतुक्यात रायाजीची बायको म्हाळसा भाकरीचे गाठोडे घेऊन पहारेकऱ्यांच्या हाताखालून आत शिरली.

'म्हाराज, माझा दादला भ्यालाय, त्याला बोलाया येत न्हाई. म्या बोलते,' ऐसे म्हणोन तिने गाठोड्यातून दोन कांदे काढिले.

'शिव शिव! चातुर्मासात कांदा, आणि तोही दरबारात!' विसंभट ओरडले आणि दोन पावले मागे सरले.

'अंगठा तोडाया चातुर्मास आड येत न्हाई, आन् कांदा चिरला की इटाळ व्हय, भटजीबावा?'

महाराज म्हणाले, 'चिरा.' विळी नव्हती, म्हणोन अंगठ्यासाठी परजिलेला सुराच तिच्या हाती दिधला. तिने कांद्याच्या कडेची पातळ चकती काढिली आणि मग दुसरा कांदा मधोमध कापिला, आणि दोन्ही महाराजांपुढे धरिली.

'मोजा. कडंच्या चकतीत तीन कडी, मधल्यात आठ. दोन्ही कांदे एकाच वाफ्यातलं. माज्या दादल्यानं दगडाची कड कापली, त्यात गुन्हा काय?'

महाराजांनी स्वतः मोजिले. मग पदक आणि फाक आणविली. तेव्हा रायाजीस वाचा फुटली. त्याने पदक फाकेच्या पाठीस लाविले, ते जिथल्या तिथे बसले. मग पदकावर आणि फाकेच्या तोंडावर बाहेरच्या कडेपासून बोट ठेवीत गेला: तांबडा, पांढरा, मधाळ, राखी, पुन्हा तांबडा, ऐसे नवापर्यंत रंगास रंग जुळला.

'सरकार, माझी करवत पुढल्या चौदांपर्यंत पोचलीच नाही. ते आत जसेच्या तसे आहेत.'

'मग हे पट्टे होतात कसे?' महाराजांनी पुसिले.

'आमचे आजे सांगत, हा कातळ कधीकाळी काकवीसारखा पातळ होता, त्यात बुडबुडा राहिला. मग कातळ थिजला आणि त्या पोकळीत पाणी झिरपत गेलं. न्हाणीतल्या हंड्याला आतून पांढरं कीट धरतं ना, तसा भिंतीला एकेक पदर बसला. बाहेरचा आधीचा, आतला मागाहूनचा. पाण्यात जे मुरलं असेल, तसा रंग.'

'एका पट्ट्यास एक वर्ष?'

'हंड्याला नखाएवढं कीट धरायला किती न्हाणी होतात, सरकार? हा तर दगड. एका पट्ट्यात किती राज्यं आली नि गेली, कोण सांगणार?'

'आणि मधली पोकळी?'

'तिथवर भरायच्या आत पाणीच थांबलं. काम अर्धंच राहिलं.'

'म्हणजे आमची वर्षे यात नाहीतच?'

'नाहीत, सरकार. दगडाला आपलं नावसुद्धा ठाऊक नाही.'

हे ऐकोन महाराजांनी ऐसा श्वास सोडिला की मागे पेंगणारा चवरीवाला दचकून जागा जाहला. आणि महाराजांचे डोळे भरून आले. मग महाराज रडतात ऐसे पाहोन सारा दरबार रडू लागला, विसंभट तर धाय मोकलून. ते कांद्याने की सुटकेने, हे पुसण्याची छाती आम्हांस नाही. परंतु आम्हीही रडलो आणि आम्हांपासून तर कांदा लांब होता. मग महाराज हसले आणि म्हणाले, 'भटजी, यापुढे जे ठाऊक नाही त्यास ठाऊक नाही म्हणावे. त्यास दक्षिणा दुप्पट.' विसंभटांचाही जीव भांड्यात पडिला, आणि ते पुढल्या वर्षी बरेच संपन्न जाहले. पुलाचे काम सुरू जाहले. घोडा मागून आणिला, मेहुण्याचे तोंड उतरले.

रायाजीस शालजोडी दिधली. तो घरी आला तो म्हाळसेने शालीकडे पाहिलेही नाही. तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला, अंगठा आपल्या मुठीत धरिला, आणि दरबारी जी वाघीण होती ती उंबऱ्यातच बसून हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून त्यालाच रागे भरली की, 'येवढं तोंडानं सांगाया काय झालं हुतं?' तो म्हणाला, 'आता सांगतो. भूक लागलीय.' आणि त्याने त्या हाताने तीन भाकरी खाल्ल्या.

एकूण वर्तमान इतुके. दगड तोच राहिला, अंगठा राहिला, महाराज पुष्कळ वर्षे सुखाने राज्य करिते जाहले. किती वर्षे, ते कोणी मोजिले नाही.